वीस मिनिटांनी एक आकडा

परळ. तिसरा मजला. सदतीस अंशांवर
हलत राहिलेलं पाणी.
पाणी कसलं, जेवणच ते:
चिमूटभर ग्लुकोज, थोडी दुधातली साखर
आणि माणसाच्या आतड्यातून आलेले
काही कोटी पाहुणे.

दर वीस मिनिटांनी मी त्यातला थेंबभर गढूळपणा काढते,
यंत्राच्या उजेडासमोर धरते,
वहीत आकडा लिहिते.
०.१२
०.१७
०.२४
तीनपर्यंत रेघ चढत होती,
परातीवर चढणाऱ्या रंगाऱ्यासारखी, बेफिकीर.
तीनला ०.४१.
तीन वीसला ०.४१.
तीन चाळीसला तेच.

पहिल्या वर्षी इथेच घाबरले होते.
मेले सगळे, असं वाटून
बापटबाईंना झोपेतून उठवलं होतं फोन करून.
"मेले नाहीत गं," त्या जांभई देत म्हणाल्या,
"भांडी बदलतायत."

ग्लुकोज संपलं की असं होतं.
ते असेपर्यंत दुधाच्या साखरेकडे
ढुंकूनही बघत नाहीत, लग्नघरातल्या पोरांसारखे,
जिलबी दिसतेय तोवर भात कोण खाणार.
संपलं, की आतून भुकेची वर्दी जाते.
मग आठवतं: ही दुसरी साखर फोडायला
एक वेगळी कात्री लागते,
तिला आत घ्यायला एक वेगळं दार.
दोन्हींची कृती दोरीवर लिहिलेली आहे,
हरवलेली नाही, खोडलेली नाही.
फक्त कृतीच्या पहिल्या ओळीशी
एकजण ठाण मांडून बसलाय.
वाचणारा येतो, अडतो, परत जातो.

खाली फाटकात तुळाजी घाडी बसतात, तसा.
खुर्ची बरोब्बर मधोमध.

यंदा मुनीरा परकारनं वर्गात विचारलं,
"मॅडम, साखर आत आल्याशिवाय तो उठत नाही,
तो उठल्याशिवाय दार बनत नाही,
आणि दाराशिवाय साखर आत येत नाही.
मग पहिला कण आला कुठून?"
मी फळ्याकडे वळले,
पुसलेलंच पुन्हा पुसलं.
म्हटलं, त्याला डुलकी लागते.
क्वचित. क्षणभर. तेवढ्यात
एखाद-दुसरं दार घडून जातं.
बंद म्हणजे ठार बंद नसतंच कधी,
गळतं थोडं, आपल्या मोरीतल्या नळासारखं.
वर्ग हसला.
मुनीरा हसली नाही. तिनं 'गळतं' खाली रेघ मारली.

माझ्यातली ती कात्री
दहावी-बारावीच्या सुमारास कधीतरी म्यान झाली.
कुणी विचारलं नाही, कळवलं नाही.
आता अर्धा कप बासुंदी घेतली की पोटात ढग,
आणि ते ढग करणारे कोण,
तर हेच, यांचेच भाऊबंद,
माझ्या न पचलेल्यावर मेजवानी झोडणारे.

चारला खिडकीतून बघितलं.
दुधाचा टेम्पो आला.
घाडी उठले, दोन्ही हातांत पिशव्या,
कोपरांपर्यंत लटकलेल्या.
आता त्यांना कडी धरता येईना, खुर्चीत बसता येईना.
फाटक उघडं ते उघडंच.
आत मांजर गेलं,
समोरच्या रुग्णालयातून सुटलेल्या दोन परिचारिका
आडवाटेनं आवारातून गेल्या,
एक पाववाला सायकलवरून, घंटी न वाजवता.
कुणी त्यांना हाकललं नव्हतं.
फक्त हात भरलेले होते.

चार वीसला थेंब काढला.
०.४२
चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ०.४२.
चार चाळीसला ०.४६.

जिन्यात पावलं. घाडी स्वतःच वर आले,
एक दुधाचा, एक कोरा.
"उठले का तुमचे?"
"उठले."
बशीत सांडलेला चहा त्यांनी आधी संपवला,
मग कप.

पाचला खाली बघितलं, पिशव्या वाटून झाल्या होत्या.
खुर्ची पुन्हा मधोमध,
घाडी खुर्चीत, मान जराशी कलती.

०.५४ लिहायचं राहिलंच होतं.